काकांची पत्रं, आईचा आवाज

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपलं तेव्हा मला नोकरी होतीही आणि नव्हतीही. कॅम्पस इंटरव्ह्यूत निवड झाली होती, कंपनीचं पत्र हातात होतं, पण रुजू व्हायची तारीख काही येत नव्हती. अमेरिकेत मंदी आली म्हणून आपली मुलगी पुण्यात कात्रजच्या खोलीत बसून आहे, हे यवतमाळला घरी कसं समजावायचं ते मला कळत नव्हतं. वडील तहसील कचेरीत कारकून, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीची बाई. त्यांचे पेढे केव्हाच वाटून झाले होते.

दर सोमवारी मी कोपऱ्यावरच्या पीसीओतून कंपनीला फोन करायचे. तिकडची मुलगी फार गोड बोलायची. "आम्हीच कळवू," म्हणायची. फोन ठेवला की माझे पाय एका जागी ठरत नसत. कात्रज डेअरीपासून निघायचे ती चालत चालत स्वारगेटला पोचायचे, तिथे उगाच बसच्या पाट्या वाचत उभी राहायचे आणि मिळेल त्या बसने परत यायचे. खोलीवर आले की कॉम्प्युटर उघडायचे. म्हणजे शब्दशः उघडायचे, स्क्रू काढून. जुन्या बाजारातून एकेक भाग आणून जोडलेलं ते मशीन होतं. त्याचा पंखा साफ करायचा, साउंड कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवायचं, पुन्हा झाकायचं. त्याला काही झालेलं नसायचं. मलाच काहीतरी झालं होतं.

माझ्या बायोडेटात कौशल्यांखाली सी, सी प्लस प्लस, जावा, व्हिज्युअल बेसिक, ओरॅकल अशी नावं होती. त्याखाली प्रोजेक्ट: हॉस्पिटलच्या कारभाराचं सॉफ्टवेअर. वर्गातल्या निम्म्या मुलांचा प्रोजेक्ट हॉस्पिटलचाच होता, आणि त्यासाठी आमच्यापैकी कोणीही हॉस्पिटलात गेलं नव्हतं.

खोलीतल्या बाकी दोघी आपापल्या गावी परत गेल्या, तशी मी शनिवार पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. एका दुकानाच्या वरची अरुंद खोली. ओळीने मशीनं, भिंतीवर फळा. तिथे एक दिवस सकाळच्या बॅचला काका आले. पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट, साठीच्या आसपासचं वय. मला कॉम्प्युटर शिकायचाय, म्हणाले.

क्लासचे मालक गडबडले. "त्याचं असंय आजोबा, सगळं स्क्रीनवर बघून करायचं असतं."

"फी बघून घेता की मोजून?" काकांनी विचारलं.

मालकांनी माझ्याकडे बोट केलं, मग लक्षात आलं की बोट काकांना दिसणार नाही, म्हणून म्हणाले, "या मॅडमशी बोला."

काका जन्मापासून आंधळे. एका कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरून येणारा प्रत्येक फोन ते घेत आणि ज्याचा त्याला जोडून देत. मग कारखान्यात आपोआप फोन जोडणारी यंत्रणा आली आणि त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगत. टाइपिंग त्यांना उत्तम येत होतं. अंध मंडळींच्या एका संस्थेत त्यांनी इंग्रजी वाचून दाखवणारा कॉम्प्युटर ऐकला होता. त्यांना तसाच पाहिजे होता, पण मराठी वाचणारा.

"मराठीत काय वाचायचंय?" मी विचारलं.

"वाचायचं नाही, लिहायचंय. मी वर्तमानपत्रांना पत्रं पाठवतो. सांगतो मी, उतरवून घेते आमची ही. आणि मला दाट संशय आहे की ती माझी पत्रं सौम्य करते."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना खरंच पाहिजे होतं की आपण लिहिलेलं आपल्याच कानांनी तपासावं आणि मग पाठवावं, मध्ये कोणी नको.

मराठी बोलणारा कॉम्प्युटर तेव्हा निदान माझ्या ऐकिवात नव्हता. मी त्यांना नाही म्हणायला हवं होतं. पण सोमवार ते सोमवार माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. बघते म्हणाले, आणि त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी सरळ घरी गेले.

कल्पना साधी होती. बाराखडीतलं प्रत्येक अक्षर आवाजात रेकॉर्ड करायचं, प्रत्येकाची वेगळी फाइल करायची. काकांनी इंग्रजी अक्षरांनी शब्द टाइप केला की प्रोग्रामने त्याचं मराठी करायचं आणि त्या त्या अक्षरांचे आवाज जोडून वाजवायचे. मी हेडफोनचा माइक तोंडापुढे धरून स्वतःच्याच आवाजात क का कि की म्हटलं. पहिला शब्द वाजवला तो 'घर'. मशीन म्हणालं, घऽ रऽ. 'बस' टाइप केलं तर बऽ सऽ. लिहिताना शेवटचं अक्षर पूर्ण लिहितो, बोलताना त्याची शेपटी कापतो, हे मी आयुष्यभर करत आले होते आणि कधी लक्षात आलं नव्हतं. शेपटी कापायचे नियम लिहिले. 'घर' जमलं तर 'करवत' बिघडली, कारण तिथे मधल्या अक्षराचीही कापायची. 'करवत' जमली तर 'गणपती' अडखळला. आणि च. 'चमचा'मधला च वेगळा, 'चहा'तला वेगळा, लिहायला मात्र एकच. त्याला नियमच सापडेना. शेवटी अशा शब्दांची एक यादीच प्रोग्रामला दिली. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचायचे आणि कुठल्या शब्दाची कुठली शेपटी कापायची ते पुटपुटायचे. बसमध्ये शेजारच्या बाई सरकून बसायच्या.

पहिल्यांदा काकांना ऐकवलं तेव्हा त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा वाजवायला लावले. मग म्हणाले, "शब्द कळतात. पण आवाज मुलाखतीला बसल्यासारखा आहे. तुमच्या मागे कोण उभं असतं हो बोलताना?"

मी म्हटलं, कोणी नसतं.

पण मला ते ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला होस्टेलमध्ये मुली मला मुद्दाम 'पाणी' म्हणायला लावायच्या. आमच्याकडे पानी असतं आणि डोळ्याला डोया म्हणतात. वर्षभरात मी ते सगळं घासून काढलं होतं. प्रत्येक ण म्हणताना जीभ कुठे लागते ते मी तपासत असे. ते काकांना ऐकू आलं.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि आई आली. गुडघा दाखवायचाय म्हणून आली, पण गुडघ्याचं नाव दोन दिवसांत निघालं नाही. तिसऱ्या दिवशी मी खोलीत येरझाऱ्या घालत असताना तिने विचारलं, "तुले नोकरी लागली असं आपण सांगतलं ना सगळ्याइले? मंग जात काऊन नाही?"

मी मंदीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आन् हे काय बडबडतं दिवसभर?"

मी तिला मशीन दाखवलं. तिने एक शब्द ऐकला, दुसरा ऐकला, आणि म्हणाली, "तू असं घाबरून काऊन बोलतेस त्याच्यात?"

दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितल्यावर मी हट्ट सोडला. माइक आईच्या हातात दिला. खिडकीवर गोधडी लावली, कारण बाहेर हायवेचे ट्रक आणि मध्येच फटाके. आईने पदर खोचला, चष्मा लावला आणि सुरू केलं. पहिलीच्या मुलांना तिने इतकी वर्षं हेच म्हणून दाखवलं होतं. क. का. कि. प्रत्येक अक्षर स्वच्छ, न घाईचं, समोर कोणीतरी लहान मूल बसलंय असं. ळ आणि ण तिने शाळेत म्हणते तसे नीट म्हटले. फटाका वाजला की थांबायची, तो संपला की पुन्हा तिथूनच. मधल्या वेळात मात्र म्हणायची, "पानी दे वं," आणि मी हसले की डोळे मोठे करायची.

नव्या आवाजाचा प्रोग्राम घेऊन आम्ही दोघी काकांच्या घरी गेलो. शनिवार पेठेतच, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता. मी सीडी घालून सगळं उतरवत होते तेवढ्यात काकूंनी आईला विचारलं, "कुठल्या तुम्ही? बोलण्यावरून इकडच्या वाटत नाही." आईने सांगितलं. मग काकूंनी आडनाव विचारलं. आईने आडनाव सांगितलं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत म्हणाली, "आम्ही बौद्ध."

"हो का. बरं, बरं," काकू म्हणाल्या. माझी बोटं कीबोर्डवर थांबली होती. अशा वेळी मला नेहमी उठून चालायला लागावंसं वाटतं.

"अगं, बरं बरं काय करतेस, चहा टाक," काका म्हणाले. "बाई, तुमचं आडनाव टाइप करून बघतो. हे नीट म्हणतं का ते तुम्हीच सांगा."

त्यांनी टाइप केलं. आईचं आडनाव आईच्याच आवाजात खोलीत वाजलं. आईने मान डोलावली. मग तिच्या लक्षात आलं, तशी तोंडाने म्हणाली, "बरोबर आहे." काकू आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कपबशा सगळ्यांच्या सारख्याच होत्या. मी पाहिलं ते. आईनेही पाहिलं.

मग काका पत्र लिहायला बसले. विषय फुटपाथवर स्कूटर लावणारी माणसं. एकेक शब्द झाला की मशीन तो म्हणून दाखवत होतं. काका मान तिरकी करून ऐकत, खोडत, पुढे जात. संपूर्ण पत्र झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून वाजवलं. आईचा तो पहिलीच्या वर्गातला, मायाळू, सावकाश आवाज म्हणाला, की हे निर्लज्ज बैलोबा स्वतःच्या दिवाणखान्यातही स्कूटर आडवी लावत असतील काय.

आई ताठ झाली. "हे मी म्हटलं नाही," ती म्हणाली.

"नाही, मी म्हटलं," काका म्हणाले.

"पण आवाज माझा आहे. मी वर्गात पोरांना मूर्खसुद्धा म्हणत नाही. हे असं शिव्या देणं मला चालणार नाही."

"अहो बाई, शिवी नाही ही. विशेषण आहे."

काकू पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "मी त्या जागी बेफिकीर घालत होते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी प्रथमच कबूल केलं.

"ऐकलंत?" काका माझ्याकडे वळून म्हणाले. "वर्षानुवर्षं माझ्या नावावर बेफिकीर छापून येतंय."

परतताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता ती आवाज काढून टाक म्हणणार आणि सगळं काम वाया जाणार. मी आतल्या आत नव्या आवाजासाठी कोणाला विचारायचं याची जुळवाजुळव करत होते. कात्रजला उतरल्यावर ती म्हणाली, "ते निर्लज्ज बरोबर म्हणत नाही तुझं यंत्र. निर वेगळं, लज वेगळं. म्हणायचंच असन तर नीट तरी म्हणावं." दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळी जोडाक्षरं पुन्हा म्हटली. तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या गाडीत बसली.

काकांचं पत्र छापून आलं, निर्लज्ज वगळून. ते वर्तमानपत्राने काढलं होतं. काकांनी त्याबद्दल दुसरं पत्र लिहिलं.

थंडी पडल्यावर एका सोमवारी त्या गोड आवाजाच्या मुलीने मला सांगितलं की आमच्या तुकडीची निवडच रद्द झाली आहे. त्याच गोड आवाजात सांगितलं. मी बरं म्हटलं, पीसीओवाल्याला पैसे दिले आणि चालत सुटले ती थेट घाट चढायला लागेपर्यंत. तिथून परत फिरले, कारण दुपारी क्लास होता.

मग मुलाखती. जाईल तिथे हॉस्पिटलच्या प्रोजेक्टबद्दल विचारायचे आणि मी तेच पाठ केलेलं सांगायचे. डेक्कन जिमखान्यामागे एका बंगल्याच्या तळमजल्यावर छोटी कंपनी होती, तिथल्या साहेबाने हॉस्पिटलचं ऐकताना जांभई दिली. "याशिवाय काही केलंयत का? तुमच्या स्वतःच्या हाताने?"

मी आईच्या आवाजाचं सांगितलं. तो खुर्चीत पुढे सरकला. "शेवटच्या अक्षरातला अ कसा काढता? कापता की वेगळं रेकॉर्ड करता?" तासभर आम्ही तेच बोलत बसलो. मला खुर्चीत बसवेना, मी फळ्याशी जाऊन लिहायला लागले आणि त्यानेही खडू घेतला. तिथे मला नोकरी मिळाली. त्यांचं काम असं होतं की बँकेला फोन केला की यंत्राने उचलायचा, शिल्लक जाणून घ्यायला एक दाबा म्हणायचं, आणि आकडा मराठीत सांगायचा.

घरी यायच्या वाटेवर माझ्या डोक्यात आलं, की काकांची नोकरी गेली ती अशाच यंत्रापायी.

ते त्यांना सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर घोळ घातला. शनिवार पेठेत दोनदा गेले आणि इमारतीखालून परत आले. शेवटी सांगितलं.

"म्हणजे आता माझ्या खुर्चीवर तुमचं यंत्र," काका म्हणाले.

"हो."

"खुर्ची केव्हाच गेली हो. तुम्ही नाही नेलीत." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पण एक करा. शून्य दाबलं की माणूस आला पाहिजे. कुठलाही. त्या यंत्राशी बोलताना माणसाला एकदम भीती वाटते की पलीकडे कोणी नाहीच."

साहेबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मग यंत्र कशाला? पण बँकेच्या मॅनेजरांना तक्रारींची धास्ती होती, त्यांना शून्य पटलं.

पहिली चाचणी पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शाखेत झाली. खातेदार बहुतेक ऊसवाले. काउंटरवरच एक फोन ठेवला होता, वापरून बघायला. मी बाजूला वही घेऊन उभी. एक फेटेवाले आजोबा आले, त्यांनी फोन कानाला लावला. यंत्र म्हणालं, बँकेत आपलं स्वागत आहे. "हाय, हाय," आजोबा म्हणाले, "आलोय न्हवं का." यंत्र पुढे बोलत राहिलं, आजोबा प्रत्येक वाक्याला उत्तर देत राहिले, आणि बटण दाबायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून. शेवटी मी शून्य दाखवलं. त्यांनी दाबलं, आणि त्याच काउंटरच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या कारकुनाचा फोन वाजला. त्याने उचलला. दोघे एकमेकांना दिसत होते. तरी दोघेही फोनवरच बोलले, व्यवस्थित, ऊसतोडीपर्यंत. आजोबा खूश होऊन गेले.

मी परत येऊन वाक्यांमधली जागा वाढवली. आकड्यांच्या आधी एक श्वास ठेवला. त्या कंपनीत मी टिकले ती अशा कामांमुळे. पण बँकेला आवाज स्टुडिओतला लागे, रेडिओवर बोलणाऱ्या बाईंचा. आईचं नाव मी सुचवलं नाही. सुचवावं असं वाटलं होतं, दोन-तीन बैठकांत तोंडापर्यंत आलं होतं.

काही वर्षांनी मराठी वाचणारं चांगलं सॉफ्टवेअर आलं. काकांच्या संस्थेने त्यांना ते दिलं. त्यांनी मला फोन केला. "तुमचं आणि नवं एकदम बोलतात. या आणि बघा."

गेले. त्यांनी टाइप केलं तर खरंच दोन आवाज उठले, एक भरभर जाणारा पुरुषी यांत्रिक आवाज आणि मागून सावकाश येणारी आई. दोघांचं भांडण चालल्यासारखं वाटत होतं.

"कुठलं ठेवायचं?" मी विचारलं, जरी माहीत होतं.

"नवं. अख्खं वर्तमानपत्र वाचतं हो ते. इंटरनेटवरचं. आणि वेग वाढवता येतो." मग म्हणाले, "बाईंना सांगा, त्यांच्या आवाजात चूक नव्हती. मलाच घाई आहे."

काढून टाकायला फार वेळ लागला नाही. फाइल्स पुसल्या, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. काकांनी हेडफोन लावला आणि लगेच कामाला लागले. मी थोडा वेळ मागे उभी राहिले. त्यांना काय ऐकू येतंय ते आता मला ऐकू येत नव्हतं. काकूंनी चहा दिला, तो उभ्यानेच घेतला आणि निघाले.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला वाईट वाटेल म्हणून आडवळणाने सांगत होते.

"बरं झालं," ती मध्येच म्हणाली. "आता त्याइच्या शिव्या माह्या तोंडून जायच्या नाही." मग म्हणाली, "मंग आता नवीन काय करून राह्यली तू?"

सांगण्यासारखं अजून काही नव्हतं. दिवसा ऑफिसात आता बँकेऐवजी कुठल्यातरी दूरच्या विमा कंपनीच्या प्रोग्रामचा एक कोपरा मी दुरुस्त करत होते, तो कोण वापरतं ते मला माहीत नव्हतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खोलीत चालत राहिले.

"ऐकू येते ना?" आईने विचारलं.

"येते," मी म्हटलं. "सांगते."